रंगांचा शोधक : मिखाईल त्स्वेत

हिरव्या पानात एकच रंग असतो, असा आपला समज असतो. परंतु त्या हिरवाईच्या आड पिवळी व नारिंगी द्रव्येही नांदत असतात. ती वेगळी करून दाखविणारे वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत. रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजे रंग; नाव असे सार्थ ठरले!

त्यांचा जन्म १८७२ साली इटलीतील आस्ती या गावी झाला. वडील रशियन, आई इटालियन. मातृसुख मात्र त्यांना लाभले नाही. जिनीव्हा येथे शिकून १८९६ साली ते डॉक्टर झाले व रशियास गेले. तेथे परकी पदवी ग्राह्य नव्हती. खचून न जाता त्यांनी नव्याने प्रबंध लिहून पदव्या संपादन केल्या.

पुढे वॉर्सा येथे त्यांनी एक साधी युक्ती योजिली. काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासावयाची, वरून पानांचा अर्क ओतावयाचा आणि मग शुद्ध द्रावक सोडावयाचा. प्रत्येक रंगद्रव्य भुकटीला कमीअधिक चिकटते. त्यामुळे नळीत हिरवे व पिवळे पट्टे निरनिराळे उमटतात. १९०६ साली त्यांनी या पद्धतीस क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले आणि १९११ साली पिवळ्या-नारिंगी द्रव्यांच्या कुलास कॅरोटिनॉइड हे नाव सुचविले.

या द्रव्यांचे कार्य आज आपणांस ठाऊक आहे. हरितद्रव्याला जो निळा-हिरवा प्रकाश नीट टिपता येत नाही, तो ती टिपतात व त्याची शक्ती हरितद्रव्यास देतात. ऊन प्रखर झाले, की पानातील व्हायोलाझँथिनचे झिआझँथिन बनते आणि जादा शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकली जाते. एरवी त्या शक्तीने प्राणवायूचे घातक रूप निर्माण होऊन पानच होरपळले असते. तेच द्रव्य मंद उजेडात प्रकाश गोळा करण्यास व कडक उन्हात रक्षणास कामी येते.

त्स्वेत यांच्या हयातीत मात्र अनेक रसायनज्ञ त्यांच्या पद्धतीविषयी साशंकच राहिले. महायुद्धाने त्यांना वॉर्सा सोडावयास लाविले. पुढे गावोगाव भटकणे नशिबी आले. १९१९ साली व्होरोनेझ येथे, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. बारा वर्षांनी, १९३१ साली, हायडेलबर्ग येथे रिखार्ड कून व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच पद्धत वापरून कॅरोटिनचे प्रकार वेगळे केले, आणि मग ती जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली.

मान्यता उशिरा आली. परंतु सत्य त्यापूर्वीही सत्यच होते. विद्यार्थिमित्रांनी हे ध्यानी ठेवावे, एवढीच आमची इच्छा.