खाशाबांचा गुडघा

खाशाबा जाधव म्हटले की हेलसिंकीचे कांस्यपदक आठवते आणि कराडमध्ये निघालेली बैलगाड्यांची मिरवणूक आठवते. त्यानंतर या मल्लाचे काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकलाही जाण्याची त्यांची जिद्द होती. पण त्याआधीच गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची स्पर्धेतली कुस्ती संपवली. तेव्हा त्यांनी तिशीही ओलांडलेली नव्हती.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. लहानपणापासून लाल माती, जोर-बैठका आणि वडिलांची नजर. अंगकाठी लहान, पण चपळाई विलक्षण. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला विळखा घालून त्याला फेकणारा ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले आणि तिथे त्यांच्या कुस्तीला खरी धार आली.

कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने १९४८ मध्ये ते लंडन ऑलिम्पिकला गेले. मातीवर वाढलेल्या या पैलवानाला मॅट नवी होती, नियमही नवे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. माती आणि मॅट यांतला फरक गुडघ्यालाही कळतो. मातीत पाऊल थोडे सरकते आणि अंगाचा पीळ त्या सरकण्यात जिरतो. मॅटवर तळवा चिकटून राहतो, अंग वळते आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. खिळ्यांचे बूट घालून हिरवळीवर वळणाऱ्या फुटबॉलपटूचे आणि मॅटवर खेळणाऱ्या कबड्डीपटूचे असेच होते.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगावच्या लोकांनीही हात दिला. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशी याच्याशी लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि ती ते हरले. पाठोपाठ त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये हक्काची विश्रांती मिळाली नाही आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारी तिथे नव्हता. दमलेल्या खाशाबांना ती कुस्तीही गेली. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडावे लागले.

थकव्याची ही गोष्ट वैद्यकाच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. गुडघ्याला सांभाळतात ते मांडीचे स्नायू. ते ताजे असतात तेव्हा झटका ओळखून वेळेवर आवळतात. दमले की त्यांना क्षणभर उशीर होतो आणि त्या क्षणात सारा भार लिगामेंटवर पडतो. म्हणून सामन्याची शेवटची मिनिटे आणि एका दिवसातला दुसरा-तिसरा सामना धोक्याचा असतो.

गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकते. त्यांना बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटपैकी दोन आतमध्ये एकमेकांना छेद देतात. त्यांतले पुढचे लिगामेंट खेळाडूंमध्ये वारंवार तुटते. दोन हाडांमध्ये मेनिस्कस नावाच्या चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. त्या धक्के शोषतात आणि भार वाटून देतात. मेनिस्कसच्या आतल्या बाजूला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथली चीर सहसा भरून येत नाही. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत तर वेदना नेणाऱ्या नसाच नसतात. ती झिजू लागली तरी सुरुवातीला दुखत नाही.

लपलेली इजा म्हणतात ती हीच. गुडघा मुरगळतो, सुजतो, दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते. सरळ चालता येते, हळू पळताही येते. खेळाडू म्हणतो, बरा झालो. पण आतले लिगामेंट तुटलेलेच असते. पळता पळता अचानक वळताना गुडघा निसटतो, आणि प्रत्येक निसटण्यासरशी मेनिस्कस आणि कूर्चा थोडी आणखी भरडली जाते. मग एका दिवशी साध्याशा झटक्यात गुडघा कायमचा बसतो. लोकांच्या लक्षात तो शेवटचा दिवस राहतो. नुकसान मात्र कित्येक महिने आधीपासून चालू असते.

खाशाबांच्या काळात हे आतले नुकसान पाहण्याची सोय आपल्याकडच्या पैलवानाला नव्हती. क्ष-किरणात हाडे दिसत, लिगामेंट आणि मेनिस्कस दिसत नसत. फाटलेला मेनिस्कस पुरता काढून टाकण्याची तेव्हा रीत होती, कारण तो फारसा कामाचा नाही असे मानले जाई. ते लंडनला खेळले त्याच १९४८ साली ब्रिटिश शल्यविशारद फेअरबँक यांनी दाखवून दिले की, मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यातली हाडे पुढे बदलत जातात. पण ही गोष्ट शस्त्रक्रियागृहांत मुरायला पुढची अनेक वर्षे गेली. इशीच्या जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी सांध्यात घालायची दुर्बीण विकसित केली आणि १९६२ मध्ये तिच्या साहाय्याने मेनिस्कसचा फाटलेला तेवढाच भाग काढला. गुडघ्याचा एमआरआय तर १९८० च्या दशकातला. खाशाबांची कुस्ती त्याच्या कितीतरी आधी संपली होती.

फुटबॉलमध्ये याच काळातले मोठे उदाहरण ब्राझीलच्या गॅरिंचाचे. त्याचे दोन्ही पाय जन्मतः एकाच बाजूला वाकलेले होते. १९६२ च्या विश्वचषकात पेले जायबंदी झाल्यावर त्यानेच ब्राझीलला तारले. पण त्याच्या गुडघ्याची झीज आधीपासून चालू होती. गुडघ्यातले पाणी काढायचे आणि पुन्हा मैदानात उतरायचे, असे चालले. १९६४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तोवर उशीर झाला होता. प्रेक्षकांना त्याची चलाखी दिसत होती, झीज दिसत नव्हती. त्याच्याभोवती मोठा क्लब होता, डॉक्टर होते, तरी हे घडले. खाशाबांकडे तर तेवढाही आधार नव्हता.

खाशाबा १९५५ मध्ये पोलीस दलात फौजदार झाले. तिथे त्यांनी खेळाडू घडवले आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. दिल्लीतल्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले.

आज साधने आहेत, पण गुडघा लपवण्याची सवय गेलेली नाही. बडनेरा-अमरावतीच्या पट्ट्याला व्यायामाची जुनी परंपरा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आले. आजही इथली पोरं कबड्डी खेळतात, फुटबॉल खेळतात आणि पहाटे पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावतात. गुडघा मुरगळला की तेल चोळायचे, क्रेप बँडेज गुंडाळायचे, दुखणे थांबवणारी गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचे आणि शनिवारच्या सामन्याला उभे राहायचे. गोळीने वेदना थांबते. तुटलेले लिगामेंट जोडले जात नाही.

पुढील खुणा दिसल्या तर खेळ थांबवावा. मार लागताना आत कट् असा आवाज येणे आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगणे, म्हणजे बहुधा आत रक्त साचले आहे. जिना उतरताना किंवा वळताना गुडघा निसटणे. गुडघा अडकून पूर्ण सरळ न होणे. यात तर एक दिवसही दवडू नये. जुनी दुखापत ओळखायला शिंप्याची टेप पुरते. गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर मोजावा. दुखावलेल्या बाजूची मांडी दोन सेंटिमीटर बारीक भरली, तर गुडघा बरा झालेला नाही, असे समजून तपासणी करावी. अनुभवी डॉक्टर हातानेच लिगामेंट तपासू शकतात. त्यासाठी जिल्हा सामान्य रुग्णालयातला, म्हणजे जुन्या माणसांच्या इर्विनमधला अस्थिरोग विभाग गाठावा. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. पण लिगामेंट नव्याने बसवले, तर निदान नऊ महिने स्पर्धा नाही, हे घरच्यांनीही आणि प्रशिक्षकांनीही मान्य करायला हवे.

प्रत्येक तालमीत आणि मैदानावर एक वही असावी. कोणाचा कोणता गुडघा कधी दुखावला, किती सुजला, मांडीचा घेर किती, एवढे रकाने पुरेत. खेळाडू जुनी दुखापत विसरतो, कधी मुद्दाम लपवतो. वहीत नोंद असली, की पुढच्या सामन्याआधी प्रशिक्षकाला विचारता येते आणि वेळ असतानाच मुलाला डॉक्टरकडे पाठवता येते.