फ्रँक हॉर्नबी

फ्रँक हॉर्नबी (जन्म : १५ मे १८६३, लिव्हरपूल, मृत्यू : २१ सप्टेंबर १९३६, मगल, लँकेशायर) हे इंग्लंडमधील खेळणी-निर्माते, संशोधक, उद्योजक व संसद सदस्य होते. सुट्या भागांतून यंत्रांच्या प्रतिकृती उभारण्याचा ‘मेकॅनो’ हा खेळ, ‘हॉर्नबी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या खेळण्यातील आगगाड्या आणि ‘डिंकी टॉइज’ या लहान मोटारगाड्या ही त्यांची तीन प्रमुख निर्मिती होय. त्यांनी अभियांत्रिकीचे कोणतेही औपचारिक शिक्षण घेतले नव्हते. वयाच्या चाळिशीपर्यंत ते हिशेबनीस म्हणून नोकरी करीत होते. लघुरेल्वेचा छंद ब्रिटनमधील सामान्य मध्यमवर्गीय घरांत पोहोचवण्याचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते.

प्रारंभिक जीवन

हॉर्नबी यांचा जन्म लिव्हरपूल शहरातील कॉपरस हिल येथे झाला. त्यांचे वडील जॉन हॉर्नबी हे खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. फ्रँक यांचे शाळेत फारसे मन रमले नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते वडिलांच्या व्यवसायात रोखपाल म्हणून काम करू लागले. याच काळात सॅम्युएल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ-हेल्प’ या पुस्तकाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. गरिबीतून व अपयशातून वर आलेल्या संशोधकांच्या चरित्रांनी भारावून त्यांनी अखंड चालणारे यंत्र बनवण्याचा खटाटोपही करून पाहिला. असे यंत्र निसर्गनियमांनुसार अशक्य असल्याने तो प्रयत्न फसला, परंतु हाताने काहीतरी घडवण्याची ओढ कायम राहिली.

१५ जानेवारी १८८७ रोजी त्यांचा विवाह क्लारा वॉकर गोडफ्रॉय या शिक्षिकेशी झाला. त्यांना रोलंड व डग्लस हे दोन मुलगे आणि पॅट्रिशिया ही मुलगी होती. १८९९ मध्ये वडिलांच्या निधनानंतर घरचा व्यवसाय बंद झाला. त्यानंतर हॉर्नबी हे डेव्हिड ह्यू एलियट या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून रुजू झाले.

मेकॅनोची कल्पना

मुलांच्या करमणुकीसाठी हॉर्नबी घरी पत्रा कापून पूल, वाघिणी व याऱ्या यांच्या लहान प्रतिकृती तयार करीत. प्रत्येक प्रतिकृतीसाठी नवे भाग कापावे लागत आणि ती मोडली की ते भाग वाया जात. या अडचणीतूनच त्यांना मूळ कल्पना सुचली. सर्व पट्ट्यांची रुंदी सारखी ठेवली आणि त्यांवर अर्ध्या अर्ध्या इंचावर एकसारखी छिद्रे पाडली, तर कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीला नट-बोल्टने जोडता येईल, तसेच त्याच छिद्रांतून आस घालून चाके बसवता येतील, हे त्यांच्या लक्षात आले. परिणामी एका यारीचे भाग सुटे करून त्यांतूनच पूल उभारणे शक्य झाले. एकाच अंतराचा हा नियम पुढील सर्व मेकॅनो संचांचा पाया ठरला.

योग्य मापाचे बोल्ट व चाके बाजारात मिळत नसल्याने आरंभीचे बरेचसे भाग त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवले. पेटंटच्या अर्जासाठी लागणारे पाच पौंडही त्यांच्याजवळ नव्हते. ती रक्कम त्यांनी मालक एलियट यांच्याकडून उसनी घेतली आणि ९ जानेवारी १९०१ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. पुढे एलियट या उपक्रमात त्यांचे भागीदार झाले.

१९०२ मध्ये ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने पहिला संच विक्रीस आला. त्यात १६ प्रकारचे भाग होते व किंमत ७ शिलिंग ६ पेन्स होती. भागांची घडण ओबडधोबड होती आणि किंमत त्या मानाने जास्त वाटत असल्याने दुकानदार संच ठेवण्यास फारसे उत्सुक नव्हते. लिव्हरपूल येथील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री सेल्बी हील-शॉ यांनी मात्र या खेळाचे शैक्षणिक मूल्य ओळखून त्याची शिफारस केली. त्या शिफारशीमुळे खेळाला पालकांत व व्यापाऱ्यांत प्रतिष्ठा मिळाली. तरीही पहिला अल्पसा नफा होण्यास १९०६ साल उजाडावे लागले.

कंपनीची स्थापना व विस्तार

मागणी वाढू लागली तसे बाहेरून भाग बनवून देणारे कारखाने अपुरे पडू लागले. १९०७ मध्ये हॉर्नबी यांनी नोकरी सोडली आणि लिव्हरपूलमधील ड्यूक स्ट्रीट येथे स्वतःचे उत्पादन सुरू केले. त्याच वर्षी ‘मेकॅनो’ हे नाव नोंदवण्यात आले. १९०८ मध्ये ‘मेकॅनो लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. नव्या कंपनीत सहभागी न होण्याचे एलियट यांनी ठरवल्याने तिची सूत्रे हॉर्नबी यांच्याकडेच राहिली. पत्नी व मुले असलेल्या, पंचेचाळिशीतील गृहस्थाने स्थिर नोकरी सोडून एका खेळण्यावर सर्वस्व लावणे हा त्या काळी धाडसी निर्णय होता.

१९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोड येथे मोठा कारखाना उभा राहिला. पुढील साठहून अधिक वर्षे तेच कंपनीचे मुख्यालय होते. १९१६ मध्ये ‘मेकॅनो मॅगझिन’ हे नियतकालिक सुरू झाले. आरंभी केवळ कंपनीच्या जाहिरातीसाठी निघालेल्या या अंकांत पुढे पूल, जहाजे, विमाने व विशेषतः रेल्वे यांवरील सचित्र लेख येऊ लागले. नव्या इंजिनांच्या छायाचित्रांमुळे व रेल्वेविषयक वृत्तांमुळे ते रेल्वेप्रेमी मुलांचे आवडते वाचन बनले.

हॉर्नबी रेल्वे

पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमधील खेळण्यातील आगगाड्यांच्या बाजारावर मार्कलिन, बिंग इत्यादी जर्मन कंपन्यांचे वर्चस्व होते. मेकॅनोच्या संचांसाठी लागणाऱ्या चावीच्या मोटारीही मार्कलिनकडून येत. युद्धामुळे हा पुरवठा बंद झाला. मेकॅनोची जर्मनीतील शाखाही जप्त होऊन तिचे हक्क मार्कलिनकडे गेले. युद्धानंतर ब्रिटिश ग्राहकांत जर्मन मालाविषयी तीव्र नाराजी होती आणि बाजारात पोकळी निर्माण झाली होती. ही संधी साधून हॉर्नबी यांनी १९२० मध्ये चावीवर चालणाऱ्या आगगाड्यांचे पहिले संच बाजारात आणले.

या गाड्या ‘ओ’ मापाच्या, म्हणजे दोन रुळांमध्ये सुमारे ३२ मिलिमीटर अंतर असलेल्या होत्या. त्यांची रचना मेकॅनोच्या तत्त्वावर आधारलेली होती. इंजिन व डबे नट-बोल्टने जोडलेले असल्याने ते सुटे करून पुन्हा जोडता येत आणि मोडलेला भाग बदलता येत असे. मात्र ग्राहकांना गाडी उघडून पाहण्यापेक्षा ती चालवण्यात अधिक रस आहे, हे लवकरच स्पष्ट झाले. त्यामुळे पुढील नमुन्यांतून ही जोडणी क्रमाक्रमाने कमी होत गेली आणि रंगीत पत्र्याच्या सुबक गाड्यांवर भर देण्यात आला. आपल्या मूळ कल्पनेला मुरड घालण्याची ही तयारी हॉर्नबी यांच्या व्यावसायिक यशाचे एक कारण मानता येते.

आरंभीच्या गाड्या लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न, मिडलँड व ग्रेट नॉर्दर्न या रेल्वे कंपन्यांच्या रंगांत मिळत. १ जानेवारी १९२३ रोजी ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले, त्यानुसार हॉर्नबीच्या गाड्यांचेही रंग बदलण्यात आले. मुलाने फलाटावर पाहिलेली गाडी घरच्या जमिनीवरही त्याच रंगात धावावी, ही यामागची दृष्टी होती. इंजिनाचा आकार तंतोतंत नसे. घरातील मर्यादित जागेत बसणाऱ्या तीव्र वळणांसाठी व चावीच्या यंत्रणेसाठी त्याची लांबी व चाके यांत तडजोड करावी लागे. रंग, अक्षरे व चिन्हे यांमुळे मात्र ते लगेच ओळखू येत असे. स्थानके, सिग्नल, सांधे, बोगदे, मालधक्के व नाना प्रकारच्या वाघिणी स्वतंत्रपणे विकत मिळत. त्यामुळे एकदा घेतलेला संच वाढदिवस व नाताळ यांच्या निमित्ताने वर्षानुवर्षे वाढत जाई.

१९२५ मध्ये कंपनीने लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या विद्युत इंजिनावर बेतलेली आपली पहिली विजेवर चालणारी गाडी सादर केली. तिचा एक प्रकार घरगुती वीजपुरवठ्याला दिव्याच्या रोधामार्फत जोडला जाई. हा प्रकार मुलांसाठी धोक्याचा असल्याने लवकरच मागे पडला व कमी दाबाच्या विजेवरील गाड्यांचा मार्ग स्वीकारण्यात आला. १९२८ मध्ये ‘हॉर्नबी रेल्वे कंपनी’ या नावाने मुलांचे मंडळ स्थापन झाले. सदस्यांना बिल्ला मिळे आणि ठिकठिकाणच्या शाखांमध्ये मुले आपापले रूळ एकत्र जोडून वेळापत्रकानुसार गाड्या चालवीत. यामुळे एकट्याने खेळण्याच्या खेळाला सामूहिक छंदाचे रूप आले.

डिंकी टॉइज

लघुरेल्वेच्या देखाव्यात मांडण्यासाठी कंपनीने १९३१ पासून हमाल, प्रवासी, प्राणी इत्यादींच्या लहान ओतीव मूर्ती तयार केल्या. त्यांत पुढे मोटारगाड्यांची भर पडली. १९३४ मध्ये या मालिकेला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. रेल्वेचे पूरक साहित्य म्हणून जन्मलेल्या या मोटारगाड्या पुढे स्वतंत्रपणे जगभर लोकप्रिय झाल्या.

राजकीय कारकीर्द व निधन

१९३१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हॉर्नबी हे लिव्हरपूलमधील एव्हर्टन मतदारसंघातून काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे उमेदवार म्हणून हाउस ऑफ कॉमन्सवर निवडून आले. या काळात कंपनीचे दैनंदिन कामकाज त्यांनी सहकाऱ्यांवर सोपवले होते. १९३५ पर्यंत ते संसदेत होते. दीर्घकालीन हृदयविकार व मधुमेह यांमुळे २१ सप्टेंबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. मगल येथील सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. त्यांच्यानंतर कंपनीची धुरा थोरले पुत्र रोलंड यांच्याकडे आली.

वारसा

हॉर्नबी यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, कंपनीने ‘हॉर्नबी डब्लो’ ही ‘ओओ’ मापाची मालिका आणली. हिच्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे ‘ओ’ मापाच्या जवळपास निम्मे होते. लहान घरांत टेबलावरही संपूर्ण रेल्वेमार्ग मांडता येऊ लागल्याने हेच माप पुढे ब्रिटनमधील लघुरेल्वेचे सर्वांत प्रचलित माप बनले. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकच्या स्वस्त गाड्यांशी स्पर्धा करणे मेकॅनो लिमिटेडला जड गेले. १९६४ मध्ये ती प्रतिस्पर्धी लाइन्स ब्रदर्स या कंपनीने विकत घेतली. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. ‘हॉर्नबी’ हे नाव मात्र मार्गेट येथील लघुरेल्वे उद्योगाने पुढे चालवले व ते आजही वापरात आहे.

मेकॅनोचा उपयोग खेळापुरता मर्यादित राहिला नाही. १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील डग्लस हार्ट्री व आर्थर पोर्टर यांनी विकलक समीकरणे सोडवणारे यांत्रिक गणनयंत्र मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून उभारले. १९९६ चे रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिक विजेते हॅरी क्रोटो यांनीही आपल्या जडणघडणीतील मेकॅनोचे महत्त्व वेळोवेळी नमूद केले आहे. मराठीसह अनेक भाषांत ‘मेकॅनो’ हा शब्द सुट्या भागांच्या कोणत्याही जोडखेळासाठी सामान्यनामासारखा रूढ झाला आहे. मगल येथील त्यांच्या ‘द हॉलीज’ या पूर्वीच्या निवासस्थानावर स्मृतिफलक बसवण्यात आला आहे.