लोकमान्यांचे फ्रेंच शिकणे

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी लोकमान्य टिळकांचे नाव घेतले. त्यांच्यावर नवे काय लिहिणार, असे एकदोघींनी विचारलेही. त्यांच्या राजकारणाविषयी शहाण्यांनी लिहावे. मी सातवी शिकलेली. मला त्यांची एकच गोष्ट सांगायची आहे.

पण आधी घरचे सांगते. आमचे हे तारापूरच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात आहेत. परदेशी जाणाऱ्या काही खोक्यांवर इंग्रजीखाली फ्रेंच छापलेले असते. तसले एक रिकामे खोके घरी आले. त्यावरचे 'तनीर ओ सेक' धाकटीने कोश पाहून मला समजावले. तनीर म्हणजे धरणे, सेक म्हणजे कोरडे. शब्दाला शब्द लावला तर 'कोरड्यात धरणे' असे काहीतरी होते. इंग्रजीत त्याचेच 'कीप ड्राय'. आणि आपण काय म्हणतो? ओल लागू देऊ नये! मला गंमत वाटली, पण तोंडातून निघाले ते हेच, की या वयात आता माझ्या डोक्यात काय शिरणार?

लोकमान्यांना 'केसरी'तील लेखांबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली ती २२ जुलै १९०८ च्या रात्री. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षे पूर्ण झाली. आधी साबरमती, मग ब्रह्मदेशातील मंडालेचा तुरुंग. लाकडी फळ्यांची बराक, भाजून काढणारा उन्हाळा, त्यात मधुमेह. पथ्यापाण्याचे बघायला घरचे माणूस नाही. दुसरा कोणी असता तर दिवस मोजीत बसला असता. यांनी तिथे जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास मांडला. युरोपातील पंडितांनी आपल्या विद्येविषयी काय लिहिले आहे, ते त्यांना मुळातून वाचायचे होते.

गुरू नाही, सारे पुस्तकांवरून. इंग्रजीच्या आधाराने एकेक फ्रेंच वाक्य सोडवायचे. फ्रेंचमध्ये लिहितात एक आणि बोलतात दुसरेच. तुरुंगात तो उच्चार त्यांच्या कानी कोण घालणार? संस्कृतात मुरलेला, इंग्रजी पत्र चालविलेला हा माणूस पन्नाशीनंतर पुन्हा बिगारीत बसला, याचे मला फार वाटते. याच तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून काढले.

१९१२ च्या जूनमध्ये पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. ती बातमी त्यांना तुरुंगात तारेने कळली. नवऱ्याची सुटका पाहणे त्या माउलीच्या नशिबी नव्हते. चरित्रांत तिच्यासाठी दोन ओळी असतात. मी त्या दोनदा वाचल्या. १९१४ च्या जूनमध्ये लोकमान्य सुटून पुण्याला आले.

पुढे १९१९ मध्ये महायुद्धानंतरची शांतता परिषद पॅरिसला भरली, तेव्हा ते विलायतेत होते. परिषदेला जायला सरकारने परवानगी दिली नाही. मग परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमान्सो यांना त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडणारे पत्र पाठविले. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९२० रोजी, मुंबईत सरदारगृहात ते गेले.

खोके मी टाकलेले नाही. त्यावरचे आणखी चार शब्द वहीत उतरवून ठेवले आहेत. ते धाकटीला रविवारी विचारायचे आहेत.