घड्याळजीचा मुलगा आणि थ्री-नॉट-थ्री

गेल्या हिवाळ्यात एनसीसीच्या कॅम्पमध्ये माझी रायफल दोनदा ‘फुस्स’ झाली. मित्रांनो, फायरिंगला वाट्याला येतात मोजून पाच गोळ्या. त्यासाठी पहाटे पाचला थंडगार पाण्याने आंघोळ, मग दोन तास रांग. समोर पंचवीस यार्डांवर टार्गेट, त्यामागे मातीचा बट आणि पार मागे धुक्यातून डोकं काढणारा तोरणा. पहिल्या गोळीला ट्रिगर दाबला, तर नुसतं ‘टक्’. दुसरीला पुन्हा तेच. नळी टार्गेटकडेच ठेवून गुपचूप पडून राहायचं आणि हात वर करायचा, एवढं शिकवलेलं असल्याने तेवढं केलं. उस्ताद आले, अर्धा मिनिट थांबले, बोल्ट उघडला आणि गोळी बाहेर काढली. तिच्या कडेवर पिनचा ठसा होता, पण अगदी हलका. नखाने ओरखडल्यासारखा.

संध्याकाळी ही रडकथा हॉस्टेलच्या गेटवरच्या मामांना सांगितली. मामा वेल्ह्याच्या बाजूचे. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर होऊन आता आमच्या गेटवर असतात. ते स्वतः एसएलआरच्या जमान्यातले, पण त्यांच्या सेंटरमध्ये ड्रिलसाठी थ्री-नॉट-थ्री असायच्या, त्यामुळे त्या रायफलीची नाडी त्यांना ठाऊक. त्यांनी निदान लगेच केलं. बोल्टच्या आत जुनं तेल सुकून डिंकासारखं झालेलं असणार. त्यात गारठा. स्प्रिंग पिनला ढकलते, पण पिन रेंगाळत जाते आणि कमी जोराने आपटते. गोळीत दोष नाही, रायफल मोडलेली नाही, बोल्ट रॉकेलने धुऊन कोरडा पुसायचा. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तसंच करवलं. मग उरलेल्या तीन गोळ्या मिळाल्या आणि तिन्ही सुटल्या. तिन्ही भोकं कागदावर एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढी जवळ पडली. सगळ्या सेमिस्टरमध्ये झाला नव्हता एवढा आनंद झाला, खोटं कशाला बोलू!

ती रायफल .२२ ची होती, पण अंगाने पूर्ण थ्री-नॉट-थ्री. जुन्या सैनिकी रायफलीला नवी बारीक नळी बसवून सरावासाठी केलेली. तिच्या मॅगझीनमध्ये गोळ्या भरत नाहीत. एकेक गोळी हाताने घालायची आणि रिकामी पुंगळी त्या डब्यात पडते. कड्यावर इशापूरचा शिक्का आणि साल १९४३. म्हणजे माझ्या आजोबांच्या वयाची बाई! तिचं पूर्ण नाव ली-एनफील्ड. एनफील्ड हे इंग्लंडमधल्या सरकारी कारखान्याचं गाव. पण हा ‘ली’ कोण? लायब्ररीत आणि नेटवर शोधाशोध केली, त्यातून हाती आलेली ही गोष्ट.

जेम्स पॅरिस ली हा इंग्रज नव्हे, लष्करातला तर मुळीच नव्हे. जन्म ९ ऑगस्ट १८३१, स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या भोरजवळच्या उत्रोळीत उमाजी नाईक पकडले गेले, म्हणजे काळ कोणता ते ध्यानात येईल. ली पाचेक वर्षांचा असताना घरच्यांनी कॅनडा गाठलं आणि गॉल्ट नावाच्या गावात बस्तान बसवलं. वडील घड्याळजी. साहजिकच पोरगा दाते, चक्रं, स्प्रिंगा आणि भिंग यांच्यात वाढला. बाराव्या वर्षी त्याने जुन्या पिस्तुलाची नळी आणि अक्रोडाचं लाकूड घेऊन स्वतःची पहिली बंदूक बनवली, असं सांगतात. ती काही धड चालली नाही. पण चालली नाही म्हणूनच बहुधा खोड लागली. आपल्यापैकी ज्याने शाळेत रेडिओ उघडून परत जोडताना दोन स्क्रू उरवले आहेत, त्याला हे वेगळं सांगायला नको.

पुढे त्याने घड्याळाचंच दुकान टाकलं, लग्न केलं आणि १८५८ च्या सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिनला गेला. तिथे १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं. तोपर्यंत बंदूक तोंडाकडून ठासावी लागे: दारू ओता, गोळी घाला, गज मारा, आणि हे सगळं उभ्याने. मागच्या बाजूने गोळी घालता आली तर शिपायाला आडवं पडूनही भरता येईल. अशा मागून भरायच्या रचनेचं पेटंट लीने १८६२ मध्ये घेतलं. मिलवॉकीत भागीदार जमवून कंपनी उभी केली आणि १८६५ च्या वसंतात लष्कराकडून एक हजार कार्बाइनची ऑर्डर मिळवली.

आता हा भाग मेट्रॉलॉजीचं जर्नल कॉपी करणाऱ्यांनी नीट वाचावा. लष्कराला नळीचं माप हवं होतं .४४ इंच. लीच्या कारखान्याचा माल होता .४२ चा. फरक शंभरात दोन इंचाचा, आपल्या भाषेत अर्धा मिलिमीटर. लष्कराने माल नाकारला. युद्ध तर संपतच आलं होतं, दुसरं गिऱ्हाईक कुठून आणणार? घड्याळाच्या दुकानात केसाएवढी चूकही न करणारा माणूस कागदावरच्या एका आकड्याने बुडाला. काही वर्षांत कंपनीही बंद पडली. चूक त्याची, त्याच्या माणसांची की लष्कराच्या बाबूंची, यावर वाद घालता येईल. पण ड्रॉइंगवरचं माप दोन्ही बाजूंनी सही करून पक्कं केलं नाही, तर जॉब रिजेक्ट होतो. वर्कशॉपला आमचे सर हेच ओरडत असतात, फक्त लीएवढं नुकसान अजून आमचं झालेलं नाही.

ली पस्तिशीच्या आसपास आणि हातात काही नाही. तरी तो घड्याळांकडे परत गेला नाही. रेमिंग्टन कंपनीच्या गावी, इलियनला गेला. १८७५ मध्ये अमेरिकन सरकारने त्याच्या एका नमुन्यासाठी दहा हजार डॉलर मंजूर केले. त्यातून दीडशेच्या आतच रायफली तयार झाल्या आणि प्रकरण तिथेच थांबलं.

मग आली ती डबी. १८७९ च्या नोव्हेंबरात पेटंट मिळालेली, पत्र्याची, आत स्प्रिंग असलेली आणि बोल्टच्या खाली अडकवायची. त्या काळच्या अनेक रायफलींत गोळ्या नळीखालच्या लांब पुंगळीत एकामागे एक भरत. त्यात दोन गोची होत्या. गोळ्या संपत जातील तसा रायफलीचा तोल बदले. आणि मागच्या गोळीचं टोक पुढच्या गोळीच्या बुडाला टेकलेलं, तिथेच तर स्फोटक टोपी असते! लीने गोळ्या एकावर एक आडव्या रचल्या. स्प्रिंग वर ढकलते, बोल्ट पुढे जाताना वरची गोळी घेऊन जातो, की खालची वर येते. बस, एवढंच. बघितल्यावर वाटतं, यात काय मोठं? पण घड्याळाच्या स्प्रिंगेवर वाढलेल्या माणसालाच ते सुचलं. आज जगातल्या बहुतेक रायफलींच्या पोटाखाली लटकणारा डबा या डबीच्याच वंशातला आहे.

नशीब मात्र जुनंच. त्याची रायफल बनवायला घेतलेली शार्प्स कंपनी दोनेक वर्षांतच बंद पडली आणि काम रेमिंग्टनकडे गेलं. अमेरिकन लष्कराने चाचण्या केल्या, मोठी ऑर्डर दिली नाही. कदर झाली ती समुद्रापलीकडे. ब्रिटिशांनी पुष्कळ चाचण्यांनंतर १८८८ मध्ये लीचा बोल्ट आणि लीची डबी उचलली आणि तिला मेटफर्डची नळी बसवली. हा विल्यम मेटफर्ड रेल्वे इंजिनिअर. १८५७ मध्ये तो ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामावर भारतात आला होता आणि उठावाच्या धामधुमीत मुंगेरला अडकला होता. त्याच्या नळीतले आटे उथळ होते, म्हणजे काळ्या दारूची काजळी कमी साचे. पण लवकरच कॉर्डाइट नावाची नवी, फार उष्ण जळणारी दारू आली आणि ते उथळ आटे भराभर झिजून गेले. म्हणून १८९५ मध्ये एनफील्डच्या कारखान्याने पाच खोल आटे पाडले. मेटफर्डचं नाव गेलं, एनफील्डचं आलं. लीचं राहिलं.

गंमत अशी की सेनापतींचा त्या डबीवर विश्वास नव्हता. शिपाई भराभर गोळ्या उधळतील ही भीती. म्हणून डबीवर एक सरकती पट्टी बसवली. पट्टी आत असेपर्यंत एकेक गोळी हाताने घालायची, डबी राखीव. सुरुवातीला तर डबी हरवू नये म्हणून ती रायफलीला साखळीने बांधत! घरी नवा मिक्सर आणून वाटण पाट्यावरच करण्यातला प्रकार.

रायफलीतही खोड्या होत्या आणि त्या मामांना पाठ आहेत. .३०३ च्या गोळीला बुडाशी कडा असते. डबी भरताना वरच्या गोळीची कडा खालचीच्या पुढे हवी. ती मागे राहिली की दोन्ही एकमेकींत अडकतात आणि बोल्ट जागच्या जागी थांबतो. लोक रायफलीला शिव्या घालतात, चूक भरणाऱ्याची असते. दुसरी गोष्ट बोल्टच्या तोंडाची. बोल्ट बंद असताना कडेसाठी किती जागा उरते ते गेजने बघतात. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. आपलं गो, नो-गो! जागा जास्त झाली की पुंगळी ताणून बुडाजवळ फाटते. म्हणून एकाचा बोल्ट दुसरीत घालायचा नाही, दिसायला कितीही सारखा असो. तिसरी साफसफाईची. जुन्या टोप्यांच्या धुरातून नळीत क्षार बसतात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून फायरिंगनंतर आधी नळीतून उकळतं पाणी, मग चिंधी, मग तेल. उलट क्रमाने केलं तर आठवड्यात आत गंज.

छोट्या नळीची, सगळ्या जगाला माहीत झालेली आवृत्ती १९०३ पासून तयार होऊ लागली. ली तोवर म्हातारा झाला होता. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी कनेटिकटमध्ये, समुद्रकाठच्या शॉर्ट बीच गावी तो वारला. पुढचं त्याने पाहिलं नाही. त्याच्या रचनेच्या दीड कोटीहून जास्त रायफली निघाल्या. आपल्या भागातल्या माणसांच्या हाती ती पहिल्या महायुद्धात होती. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी सापडल्या, अन्न संपलं, घोडे-खेचरं कापून झाली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. भोर संस्थानाच्या किंवा मावळच्या शेतात नांगर धरलेले कितीतरी हात त्या लढाईत त्या बोल्टवर असतील. आणि १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत पन्नास शिपायांनी १,६५० फैरी झाडल्या, त्याही याच रायफलीतून. १९६२ ला आपले जवान हिमालयात चिन्यांसमोर हीच घेऊन उभे होते, तेव्हा ती शिळी झाली होती. २००८ च्या नोव्हेंबरात सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात काय होतं, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला निरोप दिला तो २०२० मध्ये.

मी मामांना विचारलं, की या सगळ्याचं त्या घड्याळजीला काय वाटलं असतं? मामा काही बोलले नाहीत. रजिस्टर पुढे सरकवून माझी येण्याची वेळ लिहायला लावली.

त्यांच्याकडे एक जुनी पितळी पुंगळी आहे, .३०३ ची. बुडावर के.एफ. अशी अक्षरं आहेत, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्यातली. १८६९ पासूनचा कारखाना, हॉस्टेलपासून बसने दोन तास. लीच्या डबीत बसायचं माप तिथल्या बायाबाप्यांनी पिढ्यान् पिढ्या गेजने तपासलं असेल.

कॅम्पच्या शेवटच्या दिवशी पुंगळ्यांचा हिशोब झाला. जितक्या गोळ्या दिल्या तितक्या पुंगळ्या परत आल्याशिवाय कोणाला रेंज सोडता येत नाही. एक कमी भरत होती. ऐंशी पोरं गुडघ्यांवर बसून वाळलेल्या गवतात तासभर हात फिरवत होती, ऊन चढलं होतं आणि जेवण गार होत होतं. शेवटी उस्तादांनी माझीच रायफल उलटी करून झटकली. ती डबीच्या कोपऱ्यात अडकून बसली होती.