कर्नल सी. के. नायडू

भारताच्या क्रिकेट संघाचे पहिले कसोटी कप्तान आपल्या नागपूरचे होते, हे तुम्हाला माहीत आहे काय? त्यांचे नाव कोट्टारी कनकैया नायडू. सगळे त्यांना सी. के. म्हणत.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूर येथे झाला. घरची भाषा तेलुगू होती. त्यांचे शिक्षण नागपुरातच झाले. लहानपणापासून त्यांना क्रिकेटचे वेड होते.

त्या काळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. १९२६ साली इंग्रजांचा मोठा संघ मुंबईला आला. नायडूंनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या. त्यात ११ षटकार होते! लोक तर आनंदाने वेडेच झाले. इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना आपल्या फौजेत कर्नल केले.

१९३२ साली आपला संघ बोटीने इंग्लंडला गेला. पोरबंदरचे महाराज कप्तान होते. तेव्हा कप्तान राजघराण्यातलाच असायचा. पण नायडूंचा खेळ आपल्यापेक्षा चांगला आहे, हे महाराजांनी ओळखले आणि कसोटी सामन्यात ते स्वतः बाजूला झाले. नायडू काही राजे नव्हते, म्हणून काही खेळाडूंना ते कप्तान झालेले आवडले नाही. पण नायडू डगमगले नाहीत.

२५ जूनला लॉर्ड्स मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. चेंडू अडवताना नायडूंच्या हाताला जबर मार लागला. हात दुखत होता तरी ते खेळायला आले. पहिल्या डावात आपल्या संघात सर्वांत जास्त ४० धावा त्यांच्याच झाल्या. भारत १५८ धावांनी हरला, पण आपली पोरं लढू शकतात हे इंग्रजांना कळले.

साठी उलटल्यावरही ते रणजी स्पर्धेत खेळले. सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले.

आमच्या गावात ज्याची बॅट असते तोच कप्तान होतो. तो आऊट झाला तरी मानत नाही, आणि बॅट घेऊन घरी जातो. मग खेळच बंद पडतो. मला वाटते, ज्याला खेळ चांगला येतो त्याला कप्तान करावे. महाराजांनी कप्तानपद सोडले, तर आपल्याला का नाही जमणार?

अशा या थोर खेळाडूला माझा नमस्कार!

इयत्ता ४ थी