स्वस्तात मस्त गाडी देणाऱ्या हेन्री फोर्डचं ‘पैसा वसूल’चं गणित कुठं फसलं?

घरात पहिली गाडी घ्यायचा विषय निघाला की चर्चा ठरलेली असते. नव्या गाडीचं बेस मॉडेल घ्यायचं की त्याच पैशात सेकंड हँड टॉप मॉडेल? हप्ता किती बसणार? गावाकडच्या रस्त्यावर गाडी टिकणार का? आणि उद्या बिघडली तर दुरुस्तीला किती जाणार?

हे प्रश्न आजचे वाटतात, पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतला सामान्य माणूस याच प्रश्नांवर डोकं खाजवत होता. कमी पैशात चांगली गाडी कशी असते हे त्याला दाखवून दिलं हेन्री फोर्डनं. पुढं त्याच माणसानं फोर्डची स्वस्त गाडी सोडून जास्त पैसे मोजून दुसऱ्या कंपनीची गाडी घ्यायला सुरुवात केली. असं का झालं हे समजून घ्यायचं तर फोर्डची गोष्ट पहिल्यापासून बघायला लागते.

शेतकऱ्याचं पोरगं, पण जीव यंत्रात

हेन्री फोर्डचा जन्म ३० जुलै १८६३ चा. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉईटजवळ त्याच्या वडिलांची शेती होती. वडील आयर्लंडहून येऊन तिथं स्थायिक झाले होते. पोरानं शेती सांभाळावी अशी त्यांची इच्छा, पण हेन्रीचं लक्ष शेतात कमी आणि घड्याळं खोलून परत जोडण्यात जास्त. तो १२ वर्षांचा असताना त्याची आई वारली. त्याच वर्षी, १८७६ मध्ये, त्यानं रस्त्यावरून स्वतःच्या ताकदीवर चालणारं वाफेचं इंजिन बघितलं. घोडा नाही, बैल नाही, तरी गाडी पुढं जातीये हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

१६ व्या वर्षी तो डेट्रॉईटला गेला आणि मशीन शॉपमध्ये शिकाऊ म्हणून कामाला लागला. १८९१ मध्ये त्याला एडिसनच्या नावानं चालणाऱ्या वीज कंपनीत नोकरी मिळाली आणि दोनच वर्षांत तो तिथला चीफ इंजिनिअर झाला. पगार चांगला होता, नोकरी पक्की होती. तरी रात्री घरामागच्या शेडमध्ये त्याची खटपट सुरूच होती.

४ जून १८९६ च्या पहाटे त्याची पहिली गाडी तयार झाली. पण गाडी शेडच्या दारातून बाहेरच निघेना. मग त्यानं कुऱ्हाड घेऊन भिंतीच्या विटा फोडल्या आणि गाडी रस्त्यावर आणली.

पुढं त्यानं नोकरी सोडली. १८९९ मध्ये सुरू झालेली पहिली कंपनी १९०१ मध्ये बंद पडली. दुसऱ्या कंपनीत भागीदारांशी पटलं नाही म्हणून १९०२ मध्ये तो बाहेर पडला. हीच कंपनी पुढं कॅडिलॅक या नावानं प्रसिद्ध झाली. जून १९०३ मध्ये तिसरा प्रयत्न झाला, त्याचं नाव फोर्ड मोटर कंपनी.

भांडण एकाच गोष्टीवरून

त्या काळात मोटार म्हणजे श्रीमंतांची हौस. फोर्डचा मुख्य भागीदार अलेक्झांडर माल्कमसन याचं म्हणणं साधं होतं. महागड्या गाड्या काढायच्या, कारण एकेका गाडीमागं नफा जास्त. फोर्डचं गणित उलटं होतं. नफा कमी घ्यायचा, पण गाड्या इतक्या विकायच्या की भरपाई होऊन वर शिल्लक राहील. १९०६ मध्ये त्यानं माल्कमसनचा हिस्सा विकत घेतला आणि कंपनीत स्वतःचा शब्द शेवटचा केला.

१ ऑक्टोबर १९०८ ला मॉडेल टी बाजारात आली. किंमत ८५० डॉलर.

आता इथं एक गोष्ट नीट बघायला पाहिजे. ही बाजारातली सगळ्यात स्वस्त गाडी नव्हती. बग्गीला इंजिन बसवल्यासारख्या दिसणाऱ्या गाड्या याच्या निम्म्या पैशातही मिळायच्या. तरीही लोक मॉडेल टीच्या मागं लागले, कारण पैशाच्या बदल्यात जे मिळत होतं ते जास्त होतं.

चार सिलिंडरचं, २० हॉर्सपॉवरचं इंजिन. व्हॅनेडियम मिसळलेलं पोलाद वापरल्यामुळं गाडी वजनाला हलकी, पण मजबूत. तेव्हा अमेरिकेतल्या गावाकडचे रस्ते म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात चाकोऱ्या. मॉडेल टी जमिनीपासून उंच होती, त्यामुळं ती अशा रस्त्यांवरून निघून जायची. बिघडली तर शेतकरी घरच्या हत्यारांनी दुरुस्त करायचा. सुटे भाग स्वस्त आणि सहज मिळायचे. काही जण तर मागचं चाक उचलून, त्याला पट्टा लावून लाकूड कापायची करवतही चालवायचे.

म्हणजे आपण आज ज्याला व्हॅल्यू फॉर मनी म्हणतो ते हेच. किंमत परवडणारी, वापर रोजचा आणि देखभालीचा खर्च खिशाला झेपणारा.

किंमत खाली, विक्री वर

बहुतेक कंपन्या मागणी वाढली की भाव वाढवतात. फोर्डनं भाव उतरवले. १९१३ मध्ये डेट्रॉईटजवळच्या हायलँड पार्क कारखान्यात त्यानं सरकती असेंब्ली लाइन सुरू केली. कामगार जागेवर उभा आणि गाडी त्याच्यासमोरून पुढं जाणार. आधी एक चासी जोडायला साडेबारा तास लागायचे. १९१४ मध्ये हेच काम ९३ मिनिटांवर आलं.

पण तेच तेच काम दिवसभर करून कामगार कंटाळायचे आणि सोडून जायचे. यावर उपाय म्हणून ५ जानेवारी १९१४ ला फोर्डनं आठ तासांच्या कामाला दिवसाला ५ डॉलर देण्याची घोषणा केली. आधीच्या पगाराच्या हे दुपटीहून जास्त होतं. अर्थात यात अटी होत्या. कामगार दारू पितो का, घर नीट ठेवतो का हे बघायला कंपनीची माणसं घरी जायची. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॉडेल टीची टूरिंग गाडी ४९० डॉलरवर आली. म्हणजे गाडी बनवणाऱ्या माणसाच्या साधारण शंभर दिवसांच्या पगाराएवढी तिची किंमत झाली.

त्याच महिन्यात फोर्डनं अजून एक डाव टाकला. वर्षभरात तीन लाख गाड्या विकल्या गेल्या तर प्रत्येक ग्राहकाला ५० डॉलर परत. आकडा पार झाला आणि त्यानं खरंच पैसे परत केले.

१९२१ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त गाड्या फोर्डच्या होत्या. १९२५ मध्ये मॉडेल टीचं सगळ्यात साधं मॉडेल २६० डॉलरला मिळत होतं.

मग माशी कुठं शिंकली?

फोर्डला वाटत होतं की भाव पाडत राहिलं की ग्राहक येत राहणार. पण तोवर ग्राहक बदलला होता.

१९०८ चा ग्राहक घोडागाडीवरून मोटारीवर येत होता. १९२४-२५ चा ग्राहक पहिली गाडी वापरून दुसरी घ्यायला आला होता. जुनी गाडी देऊन नवी घेता येत होती. शिवाय बाजारात सेकंड हँड गाड्यांची गर्दी झाली होती. म्हणजे नवीन मॉडेल टीच्या पैशात जास्त सोयींची वापरलेली गाडी मिळू लागली. ज्याला फक्त स्वस्त गाडी पाहिजे होती त्याच्यासाठी आता नवी मॉडेल टी हा एकमेव पर्याय राहिला नव्हता.

दुसरीकडं जनरल मोटर्सचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन वेगळा विचार करत होता. फोर्डएवढं स्वस्त व्हायचा त्यानं प्रयत्नच केला नाही. शेव्हरोले थोडी महाग ठेवायची, पण त्या जादा पैशात इतकं द्यायचं की ग्राहकाला फरक पटला पाहिजे.

१९२४ मध्ये मॉडेल टीची टूरिंग गाडी २९० डॉलरला होती आणि शेव्हरोलेची तशीच गाडी ५०० डॉलरच्या आसपास. कागदावर फोर्ड जिंकत होता. पण फोर्डच्या त्या किमतीत सेल्फ स्टार्टर नव्हता, त्याचे पैसे वेगळे. स्टार्टर नसेल तर पुढं उभं राहून हँडल मारायचं, आणि हँडल उलटं फिरलं तर हात मोडायची भीती. पेट्रोल किती शिल्लक आहे हे बघायला टाकीत काठी घालायला लागायची. टाकीतलं पेट्रोल पंपाशिवाय, फक्त उतारानं इंजिनात जायचं. त्यामुळं पेट्रोल कमी असलं की मोठा चढ रिव्हर्समध्ये चढायला लागायचा.

रंगाचंही तसंच. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची. लोकांना छप्पर आणि काचा असलेल्या बंद गाड्या पाहिजे होत्या. १९१९ मध्ये दहातली जेमतेम एक गाडी बंद असायची, १९२७ मध्ये दहातल्या आठांहून जास्त. मॉडेल टी मुळात उघड्या गाडीच्या हिशोबानं बनवलेली.

हप्त्याचा मुद्दा तर सगळ्यात मोठा. जनरल मोटर्सनं १९१९ मध्येच कर्ज देणारी कंपनी काढली होती. गाडी आज न्या, पैसे महिन्याला भरा. फोर्डला उधारी पटत नव्हती. १९२३ मध्ये त्यानं उलटी योजना आणली. आठवड्याला ५ डॉलर जमा करायचे आणि पूर्ण रक्कम झाली की गाडी न्यायची. लोकांनी या योजनेकडं पाठ फिरवली. हप्त्यामुळं दोन गाड्यांमधला दोनशे डॉलरचा फरक महिन्याला थोडक्या डॉलरवर आला होता, आणि तेवढ्यासाठी हँडल मारायला कुणी तयार नव्हतं.

सांगणाऱ्यालाच घरी पाठवलं

कंपनीतल्या लोकांना हे दिसत होतं. फोर्डचा एकुलता एक मुलगा एडसेल नवी गाडी काढायच्या मागं होता. जानेवारी १९२६ मध्ये एडसेलचा साडू आणि कंपनीतला वरिष्ठ अधिकारी अर्नेस्ट कँझलर यानं फोर्डला सविस्तर लिहून दिलं की मॉडेल टीचे दिवस संपत आलेत. काही महिन्यांतच कँझलरला कंपनीबाहेर जावं लागलं. त्याच वर्षी बाजारातला फोर्डचा वाटा साधारण एक तृतीयांशावर आला.

शेवटी २६ मे १९२७ ला दीड कोटीवी मॉडेल टी कारखान्यातून बाहेर पडली आणि फोर्डनं ती बंद केली. तयारी नसल्यामुळं कारखाने जवळपास सहा महिने थंड पडले आणि हजारो कामगार घरी बसले. डिसेंबरमध्ये मॉडेल ए आली. तिच्यात चारही चाकांना ब्रेक होते, सुरक्षित काच होती, वेगवेगळे रंग होते. पुढच्याच वर्षी फोर्डनं हप्त्यानं गाडी द्यायला स्वतःची कर्ज कंपनीही काढली. गाडी चालली, पण पहिल्या नंबरवरची जुनी पकड काही परत आली नाही.

फोर्डचा हट्ट फक्त गाडीपुरता नव्हता. त्याच्या मालकीच्या वर्तमानपत्रानं १९२० च्या दशकात ज्यूंविरुद्ध विखारी लेखमाला छापली, १९२७ मध्ये त्याला माफी मागावी लागली. कामगार संघटनेला त्यानं १९४१ पर्यंत मान्यता दिली नाही. १९४३ मध्ये एडसेल वारला. ७ एप्रिल १९४७ ला वयाच्या ८३ व्या वर्षी हेन्री फोर्डचा मृत्यू झाला. त्या दिवशी नदीला पूर आल्यामुळं त्याच्या घरातली वीज गेली होती. वीज कंपनीचा एकेकाळचा चीफ इंजिनिअर मेणबत्त्या आणि कंदिलाच्या उजेडात गेला.

१९०८ मध्ये मॉडेल टी घेणारा शेतकरी आणि १९२६ मध्ये तिला नकार देणारा नोकरदार, दोघांचाही हिशोब बरोबर होता. शेतकऱ्याला चिखलातून निघणारी, घरी दुरुस्त होणारी गाडी पाहिजे होती, म्हणून त्यानं निम्म्या किमतीतली बग्गी सोडली. नोकरदाराला पावसात कोरडं ठेवणारी, बटणावर सुरू होणारी गाडी पाहिजे होती, म्हणून त्यानं जास्त पैसे मोजले. दोघांनीही सगळ्यात स्वस्त गाडी घेतली नाही. फोर्डला पहिल्या ग्राहकाचं मन बरोबर कळलं होतं, दुसऱ्याला विचारायचं मात्र तो विसरला.

त्यामुळं शोरूममध्ये किमतीचा बोर्ड बघण्याआधी गाडी कुठल्या रस्त्यावर चालणार, किती वर्षं ठेवणार आणि त्या किमतीत काय मिळत नाहीये, एवढं कागदावर लिहून घेतलेलं बरं.