कातळावरचे मोजमाप : पॉल प्रॉइस यांचे जीवन

ऑस्ट्रियातील आल्टाउसे या तळ्याकाठच्या लहानशा गावी १९ ऑगस्ट १८८६ रोजी जन्मलेले पॉल प्रॉइस अवघी २७ वर्षे जगले. हिमालयात त्यांचे पाऊल कधी पडले नाही. कोणत्याही जगप्रसिद्ध शिखरावर प्रथम पोहोचल्याचा मान त्यांच्या नावावर नाही. तरीही उघड्या कातळावर हातापायांच्या बळावर चढणारी माणसे जगभर त्यांचे नाव आदराने घेतात. त्यांचे म्हणणे न पटणारेही घेतात. स्मरणिकेसाठी या वेळी एका प्रस्तरारोहकाचे चरित्र आम्ही का निवडले, असा प्रश्न आमच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आरंभीच न देता ते चरित्रातूनच मिळावे, अशी आमची इच्छा आहे.

पॉलचे वडील एडुआर्ड प्रॉइस हे हंगेरीत जन्मलेले ज्यू संगीतशिक्षक. त्यांचे बोट धरून लहानगा पॉल आल्टाउसेच्या परिसरातील डोंगरवाटा चालू लागला. बालपणीच पोलिओसारख्या एका आजाराने त्याला गाठले आणि काही काळ त्याचे शरीर अंशतः लुळे पडले. जे मूल धड चालेल की नाही याची घरच्यांना चिंता होती, त्याच्या अंगात व्यायामाने आणि डोंगरातल्या चालण्याने हळूहळू बळ परतले. दहाव्या वर्षी वडील गेले. त्यानंतर हा मुलगा एकटाच डोंगर हिंडू लागला. एकटे चालण्याची ही सवय पुढे त्यांच्या जगण्याचाच भाग झाली.

शिक्षणात त्यांची दृष्टी वनस्पतींकडे वळली. व्हिएन्ना आणि म्युनिक येथे त्यांनी वनस्पतिशरीरशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१२ मध्ये म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. हा तपशील आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पुरावा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, ही प्रयोगशाळेची शिस्त त्यांनी कड्यावरही नेली. त्यांच्या काळातील बहुतेक आरोहक अंगातील रग आणि नशीब यांवर विसंबून चढत. प्रॉइस मात्र घरी नियमित सराव करीत आणि एका हाताने शरीर वर खेचण्याइतकी ताकद त्यांनी कमावली होती. त्यांच्या नावावर सुमारे १२०० चढाया सांगितल्या जातात. त्यांपैकी सुमारे ३०० एकट्याने केलेल्या आणि सुमारे १५० अशा, की त्या वाटेने त्यांच्याआधी कोणी गेलेच नव्हते.

त्या काळी कड्यांवर काय चालले होते, हे समजल्याशिवाय पुढील कथा कळणार नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर आल्प्समधील बहुतेक शिखरे सर झाली होती. उरल्या होत्या त्या त्यांच्या सरळसोट भिंती. त्या चढण्यासाठी नवी साधने आली. टायरोलच्या हान्स फिश्टल यांनी कातळाच्या भेगेत ठोकायची सुधारित लोखंडी मेख घडवली. आपल्याकडचे आरोहक तिला पिटॉन म्हणतात. म्युनिकच्या ओटो हेर्त्सोग यांनी दोर अडकवण्याची झडपेची कडी, म्हणजे कॅराबिनर, कड्यावर आणली. तरुण हान्स ड्युल्फर यांनी या साधनांच्या आधारे दोरावर तोलून आडवे सरकण्याचे तंत्र विकसित केले. पूर्वी जिथून परत फिरावे लागत असे, तिथून माणसे आता वर जाऊ लागली. हातोडीचा आवाज हा प्रगतीचा आवाज मानला जाऊ लागला.

नेमक्या याच वेळी, १९११ च्या उन्हाळ्यात, पंचविशीच्या उंबरठ्यावरचे प्रॉइस उलट दिशेने निघाले. जुलैमध्ये त्यांनी टोटनकिर्खल या शिखराची पश्चिम भिंत एकट्याने चढली. डोलोमाइट पर्वतातील प्रख्यात वाटाड्या टीटा पियाझ यांनी तीन वर्षांपूर्वी ही वाट प्रथम काढली होती. काही दिवसांतच ते बहीण मीना आणि मित्र पॉल रेली यांच्यासह इटलीतील ब्रेंटा पर्वतराजीत पोहोचले. तिथे काम्पानीले बासो नावाचा सुळका आहे. आपल्या सह्याद्रीतील सुळके डोळ्यांपुढे आणले, तर त्याच्या आकाराची कल्पना यावी. फक्त इथला कातळ काळा, तिथला फिकट चुनखडीचा. आम्पफेरर आणि बेर्गर या इन्सब्रुकच्या दोघा तरुणांनी १८९९ मध्ये तो प्रथम सर केला होता. त्याच्या पूर्व भिंतीला मात्र कोणी हात लावला नव्हता. २८ जुलै रोजी प्रॉइस त्या सुमारे १२० मीटर उंचीच्या भिंतीवर दोर न लावता, मेख न ठोकता, एकटे चढले. लागले सुमारे दोन तास. उतरतानाही त्यांनी दोर टाकून घसरत येणे नाकारले आणि नेहमीच्या वाटेने, चढल्याप्रमाणेच हातापायांनी ते खाली आले. याच मोसमात रेली यांच्यासह त्यांनी क्रोझोन दी ब्रेंटाची ईशान्य भिंत आणि डोलोमाइटमधील सर्वांत छोट्या झिने शिखरावरची एक अवघड भेग चढली. ती भेग आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ही मीना प्रॉइस स्वतः उत्तम आरोहक होती आणि पुढे तिने रेली यांच्याशी विवाह केला. इतिहासलेखनात तिच्यासारख्यांच्या वाट्याला एखादे वाक्यच येते, आणि आमच्याकडूनही त्याहून फार अधिक झालेले नाही.

या चढाया झाल्या आणि त्याच वर्षी प्रॉइस यांनी एका जर्मन नियतकालिकात पर्वतारोहणातील कृत्रिम साधनांवर लेख लिहिला. त्यावरून जे वादळ उठले, ते मेखांचा वाद म्हणून प्रसिद्ध आहे. वादाच्या ओघात त्यांनी आपली भूमिका सहा सूत्रांत मांडली. ती थोडक्यात अशी. आरोहकाची क्षमता समोरच्या अडचणीइतकी असून पुरत नाही. ती अडचणीहून सरस असावी लागते. जे दोराशिवाय, निश्चिंत मनाने उतरून येता येईल, तेवढेच चढावे. कृत्रिम साधनांचा वापर केवळ प्रत्यक्ष संकटात क्षम्य आहे. मेख ही आणीबाणीची शिदोरी. तिच्यावर चढाईची पद्धतच उभारू नये. दोराने चढणे सोपे व्हावे, पण ज्याच्याशिवाय चढताच येणार नाही, असा तो एकमेव आधार असू नये. आणि शेवटचे सूत्र सुरक्षिततेचे. ते सर्वोच्च तत्त्वांपैकी एक आहे. परंतु लोखंड ठोकून ओढून आणलेली सुरक्षितता त्यांना अभिप्रेत नव्हती. आरोहकाने स्वतःच्या कुवतीचा जो अचूक अंदाज बांधलेला असतो, त्यातून येणारी सुरक्षितता त्यांना हवी होती.

ही सूत्रे वरवर वाचली, तर एका धाडसी तरुणाची दर्पोक्ती वाटते. आमचा अनुभव असा, की दुसऱ्या सूत्रापाशी थांबून विचार केला म्हणजे मत पालटते. चढणे सोपे आणि उतरणे कठीण, हे झाडावर चढलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. वर जाताना डोळ्यांसमोर पकड असते; उतरताना पायाखालचे दिसत नाही. जेवढे उतरता येते तेवढेच चढायचे, असे ठरवले, तर निम्म्या वाटांवरून माघारी फिरावे लागेल. प्रॉइस हे बंधन प्रथम स्वतःवर घालत होते. ते धाडसाचे प्रचारक नव्हते, संयमाचे होते.

विरोधकही सामान्य नव्हते. पियाझ हे प्रॉइस यांचे मित्र; पण त्यांचा युक्तिवाद परखड होता. कातळातील पकड कोणत्याही क्षणी निखळू शकते, माणसाचा पाय चुकू शकतो. मग घरी बायकामुले वाट पाहत असताना केवळ शैलीच्या शुद्धतेसाठी जिवावर उदार का व्हावे? प्रस्तरारोहणाचे पाठ्यपुस्तक लिहिणारे फ्रान्झ नीबर्ल यांनीही प्रॉइस यांच्या कठोरपणाला विरोध केला. जानेवारी १९१२ मध्ये म्युनिक येथे या विषयावर जाहीर चर्चा झाली. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांचे मोठेपण जाणत होते आणि तरीही तत्त्वाच्या प्रश्नावर माघार घेत नव्हते. आमच्या मते, पियाझ यांच्या प्रश्नाला प्रॉइस यांच्याकडे पुरते उत्तर नव्हते. स्वतःच्या कुवतीचे मोजमाप कितीही अचूक असले, तरी दगडाचे मोजमाप माणसाच्या हाती नसते. वसतिगृहातील मुलांची जबाबदारी वाहणाऱ्या आम्हा शिक्षकांनी तर हे विसरूच नये. आमचा एखादा विद्यार्थी कड्यावर गेला, तर तो दोर बांधूनच जाईल.

परंतु दोर हाही निरपवाद रक्षणकर्ता नसतो, याचा दारुण प्रत्यय त्याच वर्षी आला. केंब्रिजचे वेल्श रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री ओवेन जोन्स आणि त्यांची पत्नी म्युरिएल यांचा विवाह होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. १५ ऑगस्ट १९१२ रोजी हे दांपत्य, त्यांचा वाटाड्या युलिउस ट्रुफर आणि प्रॉइस असे चौघे मों ब्लां परिसरातील मों रूज द प्यूतरे या शिखरावर होते. तिघे एका दोरात बांधलेले. प्रॉइस त्यांच्या पुढे, दोराशिवाय. ट्रुफर यांची पकड निखळली, ते जोन्स यांच्यावर कोसळले आणि एकाच दोराने तिघांनाही ओढून नेले. डोळ्यांदेखत तीन माणसे गेलेली पाहून प्रॉइस एकटे खाली उतरले आणि त्यांनीच ती वार्ता पोहोचवली. या घटनेने प्रॉइस खरे ठरले, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. तसे पाहिले तर पकड निखळली, म्हणजे पियाझ यांचेही म्हणणे खरे ठरले.

पुढचे वर्षभर प्रॉइस चढत राहिले, बर्फावर स्कीइंगच्या मोहिमा करीत राहिले आणि व्याख्याने देत राहिले. वक्ता म्हणून त्यांना मोठी मागणी होती. ३ ऑक्टोबर १९१३ रोजी ते आपल्या जन्मगावापासून फार दूर नसलेल्या गोझाउकाम पर्वतराजीतील मांडलकोगेलची उत्तर धार चढण्यास एकटेच गेले. ती कोणीही चढलेली नव्हती. ते परत आले नाहीत. अनेक दिवसांच्या शोधानंतर कड्याच्या पायथ्याशी, नव्याने पडलेल्या बर्फाखाली त्यांचा देह सापडला. नेमके काय घडले, हे पाहणारा कोणी नव्हता. आल्टाउसे येथे त्यांचे दफन झाले. त्यांच्या मृत्यूने मेखांचा वाद निकालात निघाला, असे अनेकांनी मानले आणि पुढील अर्धशतक कड्यांवर हातोडीचेच राज्य राहिले. दोनच वर्षांनी ड्युल्फरही गेले, तेही महायुद्धात, आरासच्या रणभूमीवर. दोर आणि मेखांचा तो कुशल कारागीर केवळ २३ वर्षांचा होता.

इथे सामान्य चरित्र संपते. आमच्या दृष्टीने मात्र इथूनच त्याचा दुसरा भाग सुरू होतो. प्रॉइस जन्माने ज्यू होते. १९०९ मध्ये त्यांनी प्रोटेस्टंट पंथाची दीक्षा घेतली होती. परंतु जे रक्त मोजतात, त्यांच्या लेखी दीक्षेला किंमत नसते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी-ऑस्ट्रियातील गिर्यारोहण संघटनेत ज्यूद्वेष उघडपणे वावरू लागला. १९२१ मध्ये तिच्या व्हिएन्नातील एका मोठ्या शाखेने केवळ आर्यांनाच सदस्यत्व देण्याचा नियम केला. या मोहिमेचे नेते होते एडुआर्ड पिखल, स्वतः नामांकित आरोहक. प्लानश्पिट्झ शिखराच्या उत्तर भिंतीवर त्यांनी काढलेली वाट १९०८ मध्ये एकट्याने चढून प्रॉइस यांनी नाव मिळवले होते, हा इतिहासातील एक कडवट योगायोग. बाहेर काढलेल्या ज्यू आरोहकांनी व त्यांच्या मित्रांनी डोनाउलांड नावाची स्वतंत्र शाखा उभारली. पुढे जगप्रसिद्ध झालेले मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल हे तिच्या सदस्यांपैकी एक. १९२४ मध्ये ही संपूर्ण शाखाच मूळ संघटनेतून काढून टाकण्यात आली. हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा आठ-नऊ वर्षे अवकाश होता.

डोंगरातील निवाऱ्यांवर ज्यूंचे येथे स्वागत नाही, अशा अर्थाचे फलक लागले. डोंगरातील निवारा म्हणजे काय, हे वादळात सापडलेल्यालाच कळते. तिथे दार उघडले नाही, तर माणूस मरतो. पाणवठा, धर्मशाळा, देऊळ यांच्या दारावरचा असा मज्जाव ज्यांच्या आजा-पणजांना फलक न वाचताही कळत असे, त्या आमच्या वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. जो माणूस आयुष्यभर म्हणत राहिला, की आरोहकाचे मोजमाप त्याच्या स्वतःच्या हातापायांनी व विवेकाने व्हावे, त्याचे मोजमाप मृत्यूनंतर त्याच्या बापजाद्यांवरून करण्यात आले. नाझी राजवटीत जर्मन गिर्यारोहणाच्या गौरवगाथांतून प्रॉइस यांचे नाव मागे सारले गेले आणि एक संपूर्ण पिढी त्यांच्याविषयी काही न ऐकता कड्यांवर चढली.

नाव पुन्हा वर आले, ते मुख्यतः आरोहकांमुळेच. दक्षिण टायरोलचे राइनहोल्ड मेसनर यांनी १९६८ मध्ये कातळाला यंत्राने भोके पाडून बोल्ट ठोकण्याच्या प्रथेवर कठोर टीका केली. पुढे त्यांनी प्रॉइस यांच्यावर ग्रंथ लिहून त्यांची सूत्रे नव्या पिढीपुढे आणली. १९७८ मध्ये पेटर हाबेलर यांच्यासह कृत्रिम प्राणवायूशिवाय एव्हरेस्ट चढणारे मेसनर ते हेच. अमेरिकेत मेखा घडवून विकणाऱ्या इव्हॉन शुईनार यांनी १९७२ मध्ये आपल्याच ग्राहकांना मेखा सोडण्याचे आवाहन केले, कारण पुन्हा पुन्हा ठोकल्याने कातळ जखमी होत होता. २०१७ मध्ये ॲलेक्स होनोल्ड यांनी एल कॅपिटनची सुमारे ९०० मीटरची भिंत दोराशिवाय चढली, तेव्हा त्यामागे एकेका पकडीचा दीर्घकाळ केलेला अभ्यास होता. त्या चढाईवरचा चित्रपट आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी पाहिला असेल. ज्या संघटनांनी एकेकाळी ज्यूंना हाकलले, त्यांनीही अलीकडच्या दशकांत आपल्या त्या इतिहासाची जाहीर कबुली दिली आहे.

टीटा पियाझ वादात प्रॉइस यांचे विरोधक होते आणि अखेरपर्यंत मेखा वापरत राहिले. डोलोमाइटमधील वायोलेट सुळक्यांखाली त्यांनी आरोहकांसाठी एक निवारा बांधला आणि त्याला प्रॉइस यांचे नाव दिले. तो आजही त्याच नावाने उभा आहे.